अमेरिकेतून आणलेला क्लॉक रेडिओ पुण्यात मागे का पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीने अमेरिकेतून येताना तिचा जुना क्लॉक रेडिओ आणला. तुम्ही ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन तो उशाशी लावला. आवाज झकास आहे, पण घड्याळ मागे पडतं, विविध भारती धड लागत नाही आणि रात्री आकडे डोळ्यांत घुसतात. दुरुस्तीवाला म्हणाला, "आयसी (म्हणजे आतली चिप) गेलाय." टाकून द्यावा का?

टाकू नका. आयसी ठणठणीत असणार. एक हिशेब करून बघा. रात्री दहाला बरोबर वेळ लावा आणि सकाळी सहाला बघा. घड्याळात ४:४० दिसले, तर आजार कळला.

असली घड्याळं स्वतः वेळ मोजत नाहीत, भिंतीतल्या विजेचे ठोके मोजतात. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडे ५० वेळा. ६० ठोके झाले की एक सेकंद, एवढंच त्या बिचाऱ्याला शिकवलेलं आहे. त्यामुळे आपल्या एका तासात त्याची ५० मिनिटंच होतात, म्हणजे दिवसाला चार तासांची तूट. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ठोके नाही. स्लीप टायमर आणि स्नूझही त्याच मापाने चालतात. नऊ मिनिटांची स्नूझ तुमच्याकडे जवळजवळ अकरा मिनिटांची झालीय, तेवढा एक फायदाच म्हणा!

आता उपाय. सेटच्या तळाशी किंवा बॅटरीच्या खणात ५०/६० असा बारीक स्विच आहे का ते बघा. नसेल तर आतली चिप कोणती ते महत्त्वाचं. सान्योची एलएम८५६० ही चिप कितीतरी क्लॉक रेडिओंमध्ये असायची, आणि तिला ५० की ६० हे सांगायला एक वेगळा पाय असतो. दुरुस्तीवाल्याला नेमकं एवढंच सांगा. जाणकार असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. "आयसी गेलाय" म्हणणाऱ्याकडे मात्र परत जाऊ नका. आणि घरी स्वतः उघडू नका. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर थेट मेन्सची वीज येते.

आणखी एक गोष्ट. ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० ठोक्यांसाठी, बनवलेला सेटच्या आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. पहिले काही दिवस तासाभराने सेटला बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. सेटवर रुमाल किंवा उशीचा अभ्रा टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा. आणि हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका, स्वस्त कन्व्हर्टर अशा सेटला कधीही लावू नका.

स्विच सापडला तरी हे घड्याळ म्हणजे काही वेधशाळा नव्हे, हे मात्र ऐकून ठेवा. माझ्याकडचा सेट मामाने दुबईहून आणलेला, तिथेही ५० हर्ट्झच. तरी नव्वदच्या दशकात उन्हाळ्यात तो मागे पडायचा आणि आम्ही मामाला नावं ठेवायचो. दोष मामाचा नव्हता. विजेची मागणी वाढली आणि निर्मिती पुरेना की ग्रिडचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या जाळ्याचे, ठोकेच मंदावतात. दिवसभर ४९.५ राहिले तरी घड्याळ चौदा मिनिटं मागे. २०१४ पासून आपल्याकडे ४९.९ ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे, त्यामुळे आता तसं क्वचित होतं. युरोपनेही हा अनुभव घेतलाय. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवोच्या वीजवादामुळे तिथल्या ग्रिडचे ठोके जरासे कमी पडले, आणि मार्चपर्यंत अनेक देशांतल्या ओव्हनवरची आणि उशाशी ठेवलेली घड्याळं सहा मिनिटांच्या आसपास मागे पडली.

लाइट गेल्यावर काय? नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घाला, नाहीतर लाइट आल्यावर आकडे लुकलुकत बसतात. पण बॅटरीवर चिप स्वतःच्या अंदाजाने मोजते आणि तो अंदाज फार ढोबळ असतो. शिवाय बऱ्याच सेटमध्ये बॅटरीवर वेळ टिकते, रेडिओ वाजत नाही. लोडशेडिंगच्या काळात याच कारणाने माझी एक एसटी चुकली होती. रेल्वे किंवा विमान पकडायचं असेल त्या रात्री मोबाइलचाच गजर लावा.

रेडिओचं दुखणं निराळं. अमेरिकेत एफएम स्टेशनं ८८.१, ८८.३, ८८.५ अशी विषम आकड्यांवर असतात, त्यामुळे तिथले कित्येक डिजिटल ट्यूनर तसेच उड्या मारत जातात. पुण्याची विविध भारती १०१.० वर. तुमचा सेट १००.९ वर थांबतो नाहीतर १०१.१ वर, म्हणून गाणं फाटतं. ९८.३ किंवा ९१.१ स्वच्छ लागत असेल तर हेच कारण. मीडियम वेव्हवर तिथे १० किलोहर्ट्झची पायरी, आपली ९ ची. आपलं ७९२ तुम्हाला ७९० वर ऐकावं लागेल. जरा किरकिरेल, पण बातम्या कळतील. काही सेटमध्ये ९/१० निवडायची सोय असते, शोधा. गोल चकतीने स्टेशन लावायचा सेट असता तर हा प्रश्नच आला नसता. म्हणूनच कोणी विचारलं की मी चकतीवालाच सुचवतो.

मीडियम वेव्हवर खरखर असेल तर आधी शेजारचा मोबाइल चार्जर काढून बघा, मग सेट टेबलावर हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट कांडीची (हीच मीडियम वेव्हची अँटेना) दिशा बदलली की आवाज एकदम उघडतो. एफएमसाठी मागची वायर गुंडाळून न ठेवता सरळ सोडा.

गजराला रेडिओ लावताना एक चूक सगळे करतात. पहाटे साडेपाचचा गजर आणि स्टेशन मीडियम वेव्हचं! प्रक्षेपण सुरू व्हायला अवकाश असतो, त्यामुळे नुसती खरखर येते आणि गाढ झोपेत ती पावसासारखी वाटते. लवकर उठायचं असेल तर बझरच ठेवा. एएम-पीएमचा ठिपकाही एकदा तपासा. माझ्या सेटचा गजर आठवडाभर संध्याकाळी सहाला वाजत होता आणि घरात कोणी बोललं नाही.

एवढ्या कटकटीचं तुम्ही का ठेवावं? डोळे अर्धवट उघडून, चष्मा न लावता, कशालाही हात न लावता वेळ दिसते. मोबाइल उचलला की वेळेबरोबर सतरा मेसेज दिसतात आणि झोप गेलीच. रात्री स्लीपवर जुनी गाणी लावली की सेट आपोआप बंद होतो, तेही सुख आहे.

उजेडाचा उपाय फुकटचा. घरात जुना एक्स-रे असेल तर त्याची पट्टी कापून आकड्यांवर चिकटवा. हाडाचा भाग नको, तो पारदर्शक असतो. कडेचा काळा भाग घ्या. एका पट्टीने पुरेसं मंद होत नसेल तर दोन लावा. माझ्या सेटवर आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेची आहे, बारा वर्षं झाली, आकडे अंधारात विझत्या निखाऱ्यासारखे दिसतात.