हद्दीबाहेरून लढणारे लोक: वाचकांची प्रश्नोत्तरे

परदेशात राहून मायदेशात लोकशाही यावी म्हणून झटणाऱ्या संघटनांबद्दल बातम्या येतात. इतक्या लांबून खरंच काही साधतं का? (विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर तुमच्याच तालुक्यात सापडेल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची मंजुरी लागे, मग सभा आणि पक्षाची बातच सोडा. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना सभेतच अटक झाली. त्याच वर्षी गोव्याचे कार्यकर्ते हद्द ओलांडून तुमच्याच तालुक्यातल्या लोंढ्याला जमले आणि नॅशनल काँग्रेस, गोवा ही संघटना उभी राहिली. पुढे पीटर आल्वारिस यांनी तिचं काम बेळगावातून चालवलं.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी तर रानात रेडिओ केंद्र थाटलं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकहून पोर्तुगीज आणि कोंकणीत बातम्या जात. गोव्यात जे छापायला बंदी होती ते गोव्यातच ऐकू येऊ लागलं. पोर्तुगाल जगाला सांगत होतं की गोवा आमचाच प्रांत आहे. ते खोटं आहे, असं मोकळेपणानं सांगू शकणारे गोवेकर बहुतेक हद्दीबाहेरच होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी दिली.

मात्र राजवट हटवली ती भारतीय लष्कराने, जेमतेम दोन दिवसांत, हेही सांगायला हवं. आतल्यांना खरी बातमी आणि धीर पुरवणं, बाहेर त्यांची बाजू मांडत राहणं हे बाहेरच्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. परतल्यावर सत्ता त्यांचीच, असा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते गोव्यातच राहिलेले खाणमालक दयानंद बांदोडकर. मला यात काहीच वावगं वाटत नाही. ज्यासाठी लढा दिला ती लोकशाही हीच.

थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी ‘आमचं पार्लमेंट’ म्हणतात. देश ताब्यात नसताना पार्लमेंट कसलं? (दुकानदार, बेळगाव)

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले आणि २ सप्टेंबर १९६० ला निवडून आलेल्या पहिल्या प्रतिनिधींनी शपथ घेतली. आज धरमशालेच्या सभागृहात ४५ जण बसतात: तिबेटच्या तीन जुन्या प्रांतांचे दहा-दहा, धर्मपरंपरांचे दहा, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे भागांतल्या तिबेट्यांचे पाच. कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जन्मलेली, तिबेट कधी न पाहिलेली मुलगी खाम प्रांताच्या जागेसाठी मतदान करते. भिक्षूंना दोन मतं असतात, एक प्रांताचं आणि एक परंपरेचं. द्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठ मुंडगोडलाच असल्याने तिथे हे ठळक दिसतं. एका माणसाला दोन मतं मला पटत नाहीत, आणि तिबेटी तरुणांतही यावर वाद आहे.

तरी एका गोष्टीला मी मनापासून दाद देतो. १९६३ च्या संविधानाच्या मसुद्यात खुद्द दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद त्यांच्याच आग्रहानं आली. लोक नको म्हणत असतानाही २०११ मध्ये त्यांनी राजकीय सत्ता निवडून आलेल्या नेत्याच्या हाती सोपवली.

बाहेरून लढणाऱ्या या संघटनांना पैसा परक्या सरकारांचा. मग हे त्यांच्याच तालावर नाचणार ना? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

धोका आहेच. अहमद चलबी लहानपणी, १९५८ मध्ये, इराकबाहेर पडले. १९९२ पासून त्यांची सद्दाम हुसेनविरोधी संघटना, इराकी नॅशनल काँग्रेस, अमेरिकेच्या पैशावर चालली, २००३ च्या युद्धासाठी तिने अमेरिकेत जोर लावला, आणि डिसेंबर २००५ च्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. याउलट बर्माचं उदाहरण पाहा. १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, लष्कराने सत्ता दिली नाही, तेव्हा निवडून आलेल्या काही खासदारांनीच निर्वासित सरकार स्थापलं. पाश्चात्त्य मदत त्यांनीही घेतली, पण त्यांच्यामागे मतदारांचा कौल होता. म्हणून देणगीदार कोण, याच्या आधी मी विचारतो की यांना निवडलं कोणी, आणि आतल्या माणसांशी यांचा रोजचा संबंध उरलाय का.

आपला सीमालढाही याच जातीचा का? (वाचक, येळ्ळूर)

नाही. आपण कुठे परागंदा झालेलो नाही. आपण आपल्याच गावात राहतो, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत देतो, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आपली तक्रार देशाच्या लोकशाहीच्या आतली आहे, म्हणून साधनंही आतलीच वापरावीत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, असं ठरलेलं आहे. ते मिळत नसतील तर गावानं लेखी तक्रार करावी, प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.