वाचक विचारतात : बोलपटातला धावता कॅमेरा

प्रश्न : पहिल्या महायुद्धावरचा, १९३०चा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ पाहिला. त्या काळच्या बोलपटांत कॅमेरा खिळल्यासारखा असतो. इथे तो खंदकावरून धावतो कसा? शिवाय शेवटचं फुलपाखरू, चित्रपट जिच्यावर बेतलाय त्या एरिश मारिया रेमार्कच्या कादंबरीत आहे का?

उत्तर : कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरायची, म्हणून तो ध्वनिरोधक खोक्यात कोंडत, मग हलवणार कसा? दिग्दर्शक लुइस माइलस्टोन यांनी लढाईची बरीच दृश्यं मूकपटासारखी, आवाजाविना टिपली. तोफा-बंदुकांचे आवाज नंतर ध्वनिपट्टीवर चढवले. संवादांच्या प्रसंगांत मात्र जुनं अवघडलेपण दिसतंच.

चित्रपटात खंदकातून फुलपाखराकडे हात नेताना नायकाला गोळी लागते; तो शेवट कादंबरीत नाही. तिथे नायकाचा मृत्यू दोन छोट्या परिच्छेदांत, कोरडेपणाने उरकतो. पडद्यावरचा हात तर नटाचा नसून खुद्द माइलस्टोन यांचा! आमच्या मते कादंबरीचा कोरडेपणाच जास्त झोंबतो.

फिल्म क्लबात दाखवणार असाल तर एक सांभाळा. ध्वनिपट्टीने रिळाची एक कड व्यापल्यामुळे चौकट जवळजवळ चौरस, १.२० : १ झाली. प्रोजेक्टर किंवा टीव्हीवर ‘झूम’ ठेवलात तर डोकी कापली जातील. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.