सीडी गेलेली नाही, सेटअप म्हातारा झालाय

प्रश्न : ताई, माझे सासरे बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, वडाळा डेपोतून निवृत्त झाले. १९९८ मध्ये माझ्या नवऱ्यासाठी घेतलेली ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची सीडी त्यांनी अजून जपून ठेवली आहे. दुपारचा चहा झाला की तासभर तोच गेम. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून आम्ही कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज ११ टाकून घेतलं. आता सेटअपवर डबल क्लिक केलं की ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’ असं येतं. दुकानदार म्हणतो, सीडी गेली, टाकून द्या. बाबा गप्प गप्प असतात. काही करता येईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी ती सीडी दुकानदाराच्या हातातून काढून घ्या. सीडी गेली असती तर ड्राइव्ह घरघरत बसला असता, हा मेसेज आलाच नसता. या मेसेजचा अर्थ एवढाच, की प्रोग्रॅम वाचला, पण चालवायला नकार दिला.

गंमत अशी की तुमचा गेम ३२ बिटचा आहे आणि तो आजही चालतो. (बिट म्हणजे कॉम्प्युटर एका घासात किती माहिती घेतो त्याचं माप; १६ जुनं, ६४ आजचं.) अडलाय तो सेटअप. त्या काळी गेम नव्या पद्धतीने लिहायचे आणि सेटअप मात्र विंडोज ३.१ च्या जमान्यातला, १६ बिटचा जोडून द्यायचे. माल चांगला आहे, हातगाडीला गल्लीत मज्जाव आहे. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवत नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. मग आतापर्यंत कसं चाललं? पैज लावते, तुमचं विंडोज १० हे ३२ बिटचं असणार. त्यामुळे राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये ‘विंडोज ९५’ निवडण्यात वेळ घालवू नका. ती सोय ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठी आहे, इथे तिचा काही उपयोग नाही.

आता काम. पहिलं म्हणजे सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली नक्कल, करून घ्या, आजच. माझी याच काळातली एक सीडी ५२ एक्सच्या, म्हणजे फार वेगाने फिरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये गरगर फिरता फिरता फटकन फुटली. आवाज असा, की शेजारच्या काकू ‘काय पडलं गं?’ म्हणत दारात. ड्राइव्ह उघडला तर आत चांदीचे तुकडे. बारीक चीर आधीपासून असणार, मी बघितली नव्हती. तुमची सीडी उजेडात धरून मधल्या भोकाभोवती चीर आहे का ते नीट बघा. आयएसओ झाली की तिच्यावर डबल क्लिक करा, विंडोज ती सीडीसारखीच उघडतं.

मग सेटअपला हात न लावता पुढे जायचं. या गेमच्या एका चाहत्याने तो आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा वेगळा, फुकट प्रोग्रॅम लिहिलाय, लिनक्सवरसुद्धा चालतो. सीडीवरचे ‘फेडेटा’ आणि ‘गेमडेटा’ हे दोन फोल्डर त्याच्याजवळ कॉपी करायचे, की झालं. फोल्डर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नको, सरळ डी ड्राइव्हवर ठेवा. तिथे लिहायला विंडोज आडकाठी करत नाही आणि बाबांची रेकॉर्ड नीट सेव्ह होतात.

चित्राचंही सांगते. एसई आवृत्ती ३डीएफएक्स कंपनीच्या वूडू या ग्राफिक्स कार्डसाठी, ग्लाइड नावाच्या त्यांच्याच भाषेत चित्र काढू शकायची. ती कंपनी कधीच बुडाली आणि आजच्या ग्राफिक्स कार्डाला ती भाषा कळत नाही. वरचा प्रोग्रॅम ते भाषांतर स्वतःच करतो. या काळातले दुसरे गेम असतील तर ‘एनग्लाइड’ किंवा ‘डीजीवूडू २’ हे दुभाषे वापरा. लॅमिंग्टन रोडवर आता वूडू कार्ड शोधत फिरू नका, तुमचीच चप्पल झिजेल.

या पंधरवड्यात दोघांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या डॉसवरच्या जुन्या गेमबद्दल विचारलंय. त्यांना डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या विंडोजवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, पुरे. हालचाल फार पळायला लागली तर कंट्रोल आणि एफ११, रेंगाळली तर कंट्रोल आणि एफ१२.

एक मात्र बजावते. सेटअप चालत नाही म्हणून कुठूनही ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली फाइल उतरवू नका. त्याच कॉम्प्युटरवर घरातलं कुणी बँकेचे व्यवहार करत असेल, तर गेम स्वस्तात पडणार नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही जुन्या सीडींची नक्कल होऊ नये म्हणून राखण करणारा सेफडिस्क नावाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम बंद केला, तोसुद्धा सुरक्षेच्याच कारणाने. तेव्हा घरात २००० च्या आसपासच्या आणखी सीडी असतील आणि त्या मुकाट बसल्या, तर आधी ती शंका घ्या.

आणि बाबांना विचारा, त्यांना हे माहीत आहे का. मुख्य मेनूवर असताना कीबोर्डवर बी-यू-एस टाइप करायचं. मग फेरारी एफ५० बाजूला ठेवून नेपाळच्या घाटात चक्क बस चालवता येते. लाल डबा नव्हे, पण वळणावर मागचा भाग बाहेर फेकला गेला की ते काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.