लुनेटाहून परत आल्यावर

बाळा,

तुझा निरोप येऊन आठवडा झाला. पहिले दोन दिवस मला राग आला होता आणि रागाच्या भरात तुला लिहायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, तेव्हा राग कशाचा होता ते कळलं. म्हणून आता बसले आहे.

तू लिहिलंस की 21 सप्टेंबरला तू लॉस बान्योसहून मित्रांबरोबर बसने मनिलाला गेलास, लुनेटाच्या मैदानावर पूरनियंत्रणाच्या पैशांचा हिशेब मागत घसा बसेपर्यंत ओरडलास. आता कित्येक महिने झाले, आणि तुमच्या गल्लीतलं गटार पहिल्याच जोरदार पावसात पुन्हा उलटलं. "मग मी गेलो कशाला, आत्याआजी?" असं विचारलंस. आणि त्याखाली, जाता जाता, आणखी एक वाक्य टाकलंस. बरांगायच्या, म्हणजे तुमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या, सभेत त्या गटाराच्या कामाचं विचारावंसं वाटलं होतं, पण मामा म्हणाले, लोलाआजीच्या अंत्यविधीला बरांगायच्या प्रमुखाने, कपितानने, तंबू दिला, खुर्च्या दिल्या, पैसेही दिले, आता त्याच्याच तोंडावर हिशेब कसा मागायचा? म्हणून तू सभेला गेलाच नाहीस.

राग मला त्या वाक्याचा आला होता. पन्नास-साठ किलोमीटर लांब जाऊन साऱ्या देशाचा हिशेब मागणारा मुलगा घरापासून पाच मिनिटांवरच्या सभेला जात नाही, हे मला सहन होईना.

लुनेटाला गेलास ते चुकलं असं मी म्हणत नाही. मी तिथे असते तर या गुडघ्यांनिशी आले असते. पण लुनेटाला लाखाच्या गर्दीत तू नसतास तर कुणाला कळलं नसतं. तुमच्या सभेत पन्नास खुर्च्या असतात, त्यातल्या तीस रिकाम्या. तिथे तू नसलास की सगळ्यांना कळतं, आणि कपितानला सगळ्यांत आधी कळतं.

हक्क तुला मी काय शिकवणार? तुमच्या फिलिपाईन्सच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात 22 कलमं आहेत आणि ती तू माझ्यापेक्षा नीट वाचली असशील. पण त्यातल्या सातव्या कलमावर तुझं बोट ठेवायचं आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या बाबींची माहिती मिळण्याचा लोकांचा हक्क. 1987 च्या फेब्रुवारीत ही घटना लोकांनी कौल देऊन स्वीकारली आणि त्याच वर्षी लेगास्पी नावाच्या माणसाने सर्वोच्च न्यायालयात या कलमाचा आधार घेतला. त्याला काय हवं होतं? सेबू शहराच्या आरोग्य विभागात स्वच्छता निरीक्षक म्हणून नेमलेल्या दोघांची सरकारी सेवेची पात्रता खरोखर आहे का, एवढंच. अगदी बारकी गोष्ट. सरकारी बाजू म्हणाली, याचा यात काय संबंध? न्यायालयाने सांगितलं की हक्क साऱ्या जनतेचा असेल तर मागणारा नागरिक आहे एवढं पुरे, वेगळा संबंध दाखवायची गरज नाही.

नागरिक आहे एवढं पुरे. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे, कारण मी तुझ्या देशात एकोणीस वर्षं राहिले आणि मला हे एकदाही म्हणता आलं नाही. माझे यजमान भाताच्या संशोधनासाठी आले, त्यांच्यामागून मी आले. भाजीवालीशी तागालोगमध्ये घासाघीस करण्याइतकी भाषा शिकले, पण होते परकी. तुझं तसं नाही. तुझी आई बातांगासची, म्हणून तू जन्मापासून फिलिपिनो. आणि हेही लक्षात ठेव की तिथे परदेशी बाप आणि फिलिपिनो आई असलेलं मूल 17 जानेवारी 1973 च्या आधी जन्मलं असेल, तर सज्ञान झाल्यावर त्याला स्वतःहून नागरिकत्व निवडावं लागायचं. तुला ते न मागता मिळालं. तुझ्याकडचं भारताचं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते, तुला साताऱ्याला येऊ देतं, राहू देतं, पण मत देऊ देत नाही. अख्ख्या जगात तुझं मत एकाच ठिकाणी आहे, बाळा. आणि तिथेच तू म्हणतोस, नाव नोंदवून काय होणार!

त्या 17 जानेवारीबद्दल थोडं सांगते, कारण तुझ्या पिढीला ती माहीत नसते. 1972 च्या सप्टेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोसनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. पुढच्या जानेवारीत गावोगाव नागरिकांच्या सभा भरवल्या, 15 वर्षांपासूनच्या सगळ्यांना बोलावलं, हात वर करायला लावले आणि नवी घटना मंजूर झाली असं 17 तारखेला जाहीर करून टाकलं. आमच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, मी त्यांना आते म्हणायची, म्हणजे तिकडची मोठी बहीण. त्या सांगायच्या, "मी हात वर केला खरा, पण कशासाठी केला ते मला घरी आल्यावर कळलं." त्या 1973 च्या घटनेत नागरिकांच्या कर्तव्यांचा एक स्वतंत्र अनुच्छेद होता. निष्ठा ठेवा, झेंड्याचा मान राखा, अधिकाऱ्यांना सहकार्य करा, काम करा, नाव नोंदवून मत द्या. 1987 च्या घटनेत तो अनुच्छेद नाही. आपल्याकडेही तसंच घडलं. मूलभूत कर्तव्यांचं 51 अ हे कलम भारताच्या घटनेत 1976 साली आलं, ऐन आणीबाणीत. आपल्याकडे ते अजून आहे.

यावरून काही लोक म्हणतात की कर्तव्याची भाषाच हुकूमशहांची. मला ते पटत नाही. त्यांनी लिहिलेली कर्तव्यं वरून खाली येणारी होती. आज्ञा पाळा, सहकार्य करा. वर बघून विचारा, हिशेब मागा, हे कर्तव्य त्यांनी लिहिलं नव्हतं आणि ते कधी लिहिणारही नाहीत. ते आपलं आपण घ्यायचं असतं. माझ्या लेखी नागरिकाचं कर्तव्य ते एकच. यादीत नाव असू दे आणि सभेत तू असू दे.

मी हे इतकं ठासून का सांगते, ते आजवर तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही.

1975 साली मी साताऱ्यात शाळेत शिकवत होते. आमच्यातल्या एका शिक्षकांना एके पहाटे घरातून उचलून नेलं. त्यांच्या बायकोसाठी आम्ही पैसे जमवले. मी दहा रुपये दिले, पण वर्गणीच्या कागदावर नाव लिहू दिलं नाही. दीड वर्षाने निवडणूक लागली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आयुष्यातलं पहिलं मोठं मत. मार्च 1977. केंद्रावर गेले तर यादीत माझं नाव नाही. लग्न होऊन सासरी आले होते, माहेरचं नाव उडालं होतं आणि सासरचं चढवायला मी गेलेच नव्हते. बोटाला शाई न लागता घरी आले. आमच्याकडचा निकाल माझ्या एका मताने बदलला नसता हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ते गुरुजी सुटून आले, रस्त्यात भेटले आणि हसून म्हणाले, "बाई, यावेळी सगळ्यांनी दाखवून दिलं." मी मान डोलावली. ते मान डोलावणं पन्नास वर्षं माझ्या मानेवर आहे.

मग 1986. 7 फेब्रुवारीला तुमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. त्या आते दिवसभर शाळेत, मतमोजणीला आणि मग मतपेटीजवळ. पेट्या पळवतात म्हणून लोक हातात हात घालून उभे होते. मी परकी, मला आत जायची मुभा नाही. फाटकापर्यंत कॉफी नेऊन देत होते. दोनच दिवसांनी मनिलात निवडणूक आयोगाच्या संगणकांवर बसलेल्या 35 जणांनी, बहुतेक तरुण मुलींनी, समोर दिसणारे आकडे आणि जाहीर होणारे आकडे जुळत नाहीत हे पाहिलं आणि त्या उठून चालत्या झाल्या. लोक 22 ते 25 फेब्रुवारीचं, मार्कोसना घालवणारं एद्सा रस्त्यावरचं आंदोलन आठवतात, रणगाडे आणि माळा घेतलेल्या नन्स आठवतात. मला मतपेटीजवळच्या आते आठवतात आणि त्या संगणकावरच्या मुली आठवतात. त्या जागेवर होत्या म्हणून त्यांना आकडा दिसला. घरी बसल्या असत्या तर काय दिसलं असतं?

म्हणून पुन्हा सांगते, आणि तू कंटाळलास तरी सांगते. यादीत नाव असू दे आणि सभेत तू असू दे.

आता मामांचं. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. तिकडे ज्याला उतांग ना लोओब म्हणतात, त्याची ताकद मी पाहिली आहे. उपकार केलेल्या माणसाला विसरायचं नाही, हा त्या समाजाचा मोठेपणाच आहे. मी आजारी होते तेव्हा त्याच संस्काराने शेजारणींनी महिनाभर मला जेवण आणून दिलं. पण आपल्या भाषेत एक दुसरा शब्द आहे, मिंधेपणा. कृतज्ञ माणूस आभार मानतो, मिंधा माणूस गप्प बसतो. लोलाच्या वेळी कपितान धावून आला, त्याबद्दल त्याचे आभार मानायलाच हवेत आणि ते सगळ्यांसमोर मान. पण तंबू आणि खुर्च्या बरांगायच्या असतील तर त्या लोलाच्याही होत्या, तुमच्याही आहेत. आणि गटाराचे पैसे कुणाच्याच खिशातले नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी कागदावर नाव लिहायला घाबरलेली बाई तुला हे सांगते आहे, ऐक.

तुमच्या 1991 च्या कायद्याने बरांगायची सभा वर्षातून निदान दोनदा भरवावी लागते. ती मार्च आणि ऑक्टोबरात होते. 15 वर्षांवरचा, सहा महिने तिथे राहणारा, सभेच्या यादीत नाव असलेला नागरिक तिचा सदस्य असतो. तू एकोणीसचा आहेस. सहा महिन्यांत काय कामं केली आणि पैसे कुठे गेले, हे कपितानला या सभेपुढे मांडावं लागतं, त्याची मेहेरबानी म्हणून नव्हे. बरांगायच्या सर्वसाधारण निधीतला 10 टक्के वाटा सांगुनियांग काबाताआनचा, म्हणजे तुम्हा तरुणांच्या परिषदेचा असतो. त्याचं काय झालं, हे तू आजवर कुणाला विचारलंस? आणि घराणेशाहीवर तू जे रागाने लिहिलंस, त्यावर एक गोष्ट. तुमच्या घटनेने राजकीय घराण्यांना बंदी सांगितली, पण व्याख्या कायद्यावर सोडली आणि संसदेने सगळ्या पदांसाठी तो कायदा आजवर केला नाही. अपवाद फक्त 2016 च्या तरुण परिषदेच्या कायद्याचा. तिथे निवडून येऊन पदावर असलेल्याचा मुलगा, भाऊ, नातू या परिषदेला उभा राहू शकत नाही. म्हणजे साऱ्या देशात घराण्यांना दार बंद असलेली एकच खोली आहे आणि ती तुमच्या वयाच्या मुलांची आहे. तीच रिकामी ठेवायची का?

बरांगायच्या निवडणुका पुढे ढकलतात, मान्य. 2018 च्या मे महिन्यात निवडून आलेले 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत बसले आणि 2025 च्या डिसेंबरची तारीखही पुढे गेली. संताप येतो. पण सभा पुढे ढकललेली नाही. आणि मतदार म्हणून नाव नोंदवशील तेव्हा हे विसरू नकोस की लागोपाठ दोन निवडणुकांना गेला नाहीस तर ते निष्क्रिय करतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट आलं तर घेणाराही देणाऱ्याइतकाच गुन्हेगार ठरतो. यावर जास्त बोलत नाही, तू तसा नाहीस.

तुझ्या बाबांनी तुला सांगितलं असेल की मी परत आल्यावर गावात सगळ्यांशी भांडले. भांडले नाही. नळाच्या पाइपचं काम कागदावर पुरं आणि जमिनीत अर्धं होतं, ते मी ग्रामसभेत विचारलं. एकदा, दोनदा, सहा वेळा विचारलं. कंत्राट आपल्याच भावकीत होतं. तुझे आजोबा, माझा सख्खा भाऊ, दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. राखीला मी त्यांच्या ओट्यावर बसून परत आले. लोक म्हणाले, म्हातारीला फिलिपाईन्सचं वारं लागलं. लागलं होतंच. सातव्या वेळेआधी उरलेला पाइप जमिनीत गेला. तुझ्या आजोबांच्या घरी आजही त्याच पाइपचं पाणी येतं आणि ते मी एकदाही बोलून दाखवलं नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. आवाज कदाचित जास्त चढला असेल. तुझा चढवू नकोस. तिकडची पद्धत आहे, प्रत्येक वाक्याला आदराचा "पो" लाव, उभा राहून बोल, कपितानला आधी लोलाबद्दल धन्यवाद दे. आणि मग विचार की गटाराला किती पैसे मंजूर झाले, किती लांबीसाठी, कंत्राटदार कोण आणि काम पुरं झालं हे कुणी पाहिलं. त्या दिवशी उत्तर मिळणार नाही. ऑक्टोबरात तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचार.

जाताना वही ने. आधी एका सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन गटार मोज आणि लांबी पहिल्या पानावर लिही. मामांना बरोबर यायचा आग्रह करू नकोस, त्यांना फक्त सांगून जा. सभेचा दिवस नक्की झाला की मला कळव. आमची सकाळ तुमच्या मागून अडीच तासांनी होते, पण त्या दिवशी मी लवकर उठेन.

तुझी
आत्याआजी