मुरुडशेंग आणि मुरडा: आधी पीळ की आधी पोट?

फोंड्याहून एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. तान्ह्या मुलाच्या गुटीत उगाळली जाणारी मुरुडशेंग मुरड्यावर देतात म्हणून तिला ते नाव पडले, की ती पिळवटलेली दिसते म्हणून? आणि वनस्पतीच्या रूपावरून किंवा ती उगवते त्या जागेवरून तिचा औषधी गुण ओळखण्याची जी समजूत आहे, जिला युरोपात ‘डॉक्ट्रिन ऑफ सिग्नेचर्स’ म्हणत, तिला मराठीत काय म्हणावे?

माझ्या मते नाव रूपावरूनच पडले. मुरडणे म्हणजे पिळणे, वळवणे. आपल्याकडे नेवरीच्या काठाला घालतात तीही मुरडच, आणि नावडत्या गोष्टीला आपण नाक मुरडतो तेही त्याच क्रियापदाने. पोटात पीळ पडून कळा येतात त्या विकाराला याच धातूवरून मुरडा हे नाव मिळाले. म्हणजे मुरुडशेंग आणि मुरडा ही मायलेकरे नव्हेत, सख्खी भावंडे आहेत. (मुरुड गावाशी या शेंगेचा संबंध जोडणारेही भेटतात, तो निव्वळ ध्वनिसाम्याचा खेळ आहे.)

याला आधार शेजारच्या भाषांतून मिळतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात ज्या केवणीच्या सालीचा वाख दोरासाठी काढतात, तिचेच हे फळ. संस्कृतात ते आवर्तनी, म्हणजे वळणे असलेली. तमिळमध्ये त्याला वलंपुरी-इडंपुरी, उजवा पीळ आणि डावा पीळ, असे म्हणतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या झुडपाला ‘हेलिक्टेरेस आयसोरा’ म्हटले, त्यातला पहिला शब्द पिळाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आणि दुसरा मलबारच्या वनस्पतींवरील व्हान ऱ्हीडच्या ग्रंथातल्या ‘इसोरा-मुर्री’ या स्थानिक नावावरून आला. आवर्तनी, वलंपुरी, हेलिक्टेरेस या तिन्ही नावांत पीळ आहे, पोटदुखी नाही. मराठीत आणि हिंदीत मात्र (तिकडे मरोडफली आणि पोटातली मरोड) शेंगेचा पीळ आणि पोटाचा पीळ एकाच शब्दात बसले, आणि ही शेंग या दुखण्यासाठीच निर्माण झाली असली पाहिजे, असे वाटायला शब्दानेच मदत केली. शेंग तुरट आहे आणि तुरट द्रव्ये अतिसारावर पूर्वापार दिली जातात. तेव्हा तिचा उपयोग पिळामुळे नसून तुरटपणामुळे असावा, आणि पीळ ही तो लक्षात ठेवण्याची सोय.

कांडवेलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिचे चौधारी, पेरापेरांचे खोड सांध्यांनी जोडलेल्या हाडांसारखे दिसते, आणि हाडजोड हे तिचे दुसरे नाव सरळ उपयोग सांगते. येथे एका नावात रूप आहे, दुसऱ्यात गुण. सुरणाचे अर्शोघ्न हे संस्कृत नाव तर केवळ मूळव्याधीवरचा उपयोग सांगते. कंदाच्या गाठींवरून मोड आठवणे ही पाहणाऱ्याची भर आहे.

जागेचा मुद्दा अधिक नाजूक आहे. ‘यस्य देशस्य यो जन्तुस्तज्जं तस्यौषधं हितम्’ हे वचन या संदर्भात हमखास पुढे केले जाते, पण त्यात ज्या प्रदेशाचा प्राणी त्याला त्याच प्रदेशातले औषध हितकर, एवढेच म्हटले आहे. रोग जेथून उद्भवतो तेथेच त्याचा उतारा उगवतो, असे त्यात कोठेही नाही. तो दुसरा विचार इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने 1763 मध्ये रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सापडतो: हिवताप दलदलीच्या जागी होतो, विलोचे झाड ओलसर जमिनीत वाढते, म्हणून त्याच्या सालीत उपाय असणार. त्याने सुमारे 50 रुग्णांना सालीची भुकटी दिली आणि ताप उतरल्याचे नोंदवले. सालीत सॅलिसिन हे ज्वरनाशक द्रव्य असते. म्हणजे अनुमान चुकीचे आणि औषध खरे, असा हा चमत्कारिक योग.

आता प्रतिशब्दाविषयी. ‘लक्षणसिद्धान्त’ सुचतो, पण वैद्यकात लक्षण म्हणजे रोगाचे चिन्ह, त्यामुळे घोटाळा अटळ. ‘रूपसाम्यवाद’ अर्थाला चोख आहे, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाल बावटा फडकल्यावाचून राहणार नाही. जर्मन गूढवादी जेकब बोहमेच्या 1621 च्या ग्रंथाच्या शीर्षकातला ‘सिग्नातुरा’ हा शब्द ईश्वराने वस्तूवर उमटवलेल्या छापाच्या अर्थाचा आहे, म्हणून ‘मुद्रासिद्धान्त’ हा त्या युरोपीय मताला जवळचा. आपल्या गुटीतल्या समजुतीमागे मात्र असा ईश्वरी शिक्का कोणी मानलेला नाही. तिच्यासाठी मी ‘रूपखूण’ हा साधा शब्द वापरीन: मुरुडशेंगेची रूपखूण पीळ, कांडवेलीची पेर.