उथळ टँकमध्ये अंडरवॉटर रग्बीचा क्लब उभा राहत नाही

प्रश्न असा होता: «नागपुरात अंडरवॉटर रग्बीचा छोटा क्लब काढायचा आहे. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही. आम्ही नऊ-दहा जण आहोत, सगळे चांगले पोहणारे. आमच्या कोच सरांचं म्हणणं, आधी सहा महिने छातीभर पाण्यात खेळा, संस्था रजिस्टर करून घ्या, खोल टँकचं नंतर बघू. हे बरोबर आहे का? आणि सामानाचं काय करायचं?»

नाही, बरोबर नाही. या मताशी माझं जुनं भांडण आहे, म्हणूनच लिहायला बसलो. हा सल्ला सावध वाटतो, पण तो मानला तर क्लब सहा महिन्यांत बसतो आणि बसला नाही तर कुणाचा तरी कान जातो.

या खेळात दोन संघ पाण्याखाली श्वास रोखून, मिठाचं पाणी भरलेला चेंडू तळावर ठेवलेल्या समोरच्या संघाच्या गोलच्या भांड्यात घालायला बघतात. त्याला पाण्याची खोली साडेतीन ते पाच मीटर लागते. लांबी 12 ते 18 मीटर आणि रुंदी 8 ते 12 मीटर. लांबी-रुंदीत थोडी तडजोड चालते, सरावाला 10 बाय 8 मिळालं तरी भागतं. खोलीत तडजोड करायची नाही. गोलचं भांडं सुमारे 45 सेंटिमीटर उंच असतं आणि गोलकीपर त्याच्या तोंडावर पाठ टेकवून वर बघत आडवा असतो. दीड मीटर पाण्यात भांडं आणि त्यावर माणूस एवढ्यानंच अर्धं पाणी संपतं. वर उरलेल्या हातभर पाण्यात फॉरवर्ड, म्हणजे चढाई करणारा, येणार कुठून? मग सगळे बाजूने घुसतात, ढीग होतो, फिनचे (पायात घालायच्या रबरी वल्ह्यांचे) फटके तोंडावर बसतात आणि शेवटी कुणीतरी उभं राहून चेंडू धरून ठेवतो. चार मीटरमध्ये त्याच गोलकीपरच्या डोक्यावर तीन मीटर पाणी असतं. फॉरवर्ड वरून येतो, भिंतीला घसटून येतो, खालून पाठीत खांदा घालून त्याला उचलतो. खेळ सगळा इथे आहे.

उथळ पाण्यात सवयीही चुकीच्या लागतात. जमिनीला पाय लावायचा. दर पाच सेकंदांनी डोकं वर काढायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कान मोकळे करण्याची, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या पाण्याइतका करण्याची, गरजच पडत नाही. चार मीटरवर दाब 1.4 पट होतो, म्हणजे कानातली हवा सुमारे 71 टक्क्यांवर आकसते. सहा महिने उथळ टँकमध्ये तरबेज झालेला खेळाडू खोल पाण्यात चेंडूमागे डोकं खाली घालून सरळ सुटतो, खेळाच्या भरात दुखणं अंगावर काढतो आणि कानाचा पडदा फाटतो. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत गेलं की गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून खोल पाणी, पण दोर धरून, पाय खाली ठेवून. दर अर्ध्या मीटरला थांबायचं, मास्कवरून नाक चिमटायचं, हलकी हवा दाबायची. दुखण्याआधी, दुखल्यावर नाही. जोर लावावा लागला तर वर यायचं. सर्दी असलेल्यानं त्या दिवशी काठावर बसायचं. पोहण्याचे साधे गॉगल इथे कुचकामी आहेत, नाक बाहेर राहत असल्यामुळे त्यांच्या आतला दाब सारखा करता येत नाही आणि ते डोळ्यांवर रुततात. नाक आत घेणारा, आत कमी हवा राहणारा मास्कच हवा.

टँक शोधताना «ऑलिंपिक साइज» ऐकून हुरळू नका, लांबीचा इथे संबंध नाही. डायव्हिंग बोर्ड असलेला टँक शोधा, बोर्डाखाली साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त पाणी ठेवावंच लागतं. बोर्ड मोडून नुसता ओटा उरला असला तरी खाली खोली तीच असते. भिंतीवर रंगवलेल्या आकड्यावर विसंबू नका. दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी घ्या, टोकाला वजन बांधा आणि दर दोन मीटरवर मोजत सगळा टँक फिरा. जुन्या टँकचा तळ उतरता असतो, खोल भाग निघतो सहा बाय आठचा. शिवाय एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात पाण्याची पातळी उतरते, तेव्हा काठापासून नाही, पाण्यापासून मोजा.

पाणी स्वच्छ हवं. काठावरून खोल भागातल्या फरशीच्या रेघा स्पष्ट दिसत नसतील तर त्या दिवशी खेळायचं नाही. चेंडू दिसणार नाही हे सोडा, तळाशी पडलेला माणूस दिसणार नाही. उन्हाळ्यात टँकला गर्दी असते, रात्रीची शेवटची बॅच सुटल्यानंतरचा दीड तास मागा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या टँकचं पाणी इतकं गार होतं की दम निम्मा राहतो, ते दोन महिने नियम, पंचगिरी आणि चेंडू-भांड्यांच्या दुरुस्तीला ठेवा.

आता चेंडू. इथेच बहुतेक जण घोळ घालतात. 1961 साली जर्मनीतल्या कोलोनच्या डायव्हिंग क्लबमधल्या लुडविग फॉन बेर्सुडा यांनी चेंडूत मिठाचं पाणी भरलं, तिथून हा खेळ सुरू झाला. साध्या पाण्याचा चेंडू सोडला तिथेच लोंबकळत राहतो. मिठाचा चेंडू सेकंदाला एक ते सव्वा मीटर वेगानं तळाला जातो, म्हणून तो कुणाच्या तरी ताब्यात ठेवावाच लागतो. परदेशातून मागवला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबायचं कारण नाही.

पुरुषांच्या चेंडूचा घेर 52 ते 54 सेंटिमीटर असतो. शिंप्याची टेप घेऊन सीताबर्डीतल्या स्पोर्ट्सच्या दुकानांत जा आणि या मापाचा, मोल्डेड रबराचा, सुईने हवा भरायचा चेंडू शोधा. शिवलेला नको, शिवण पाणी पिते. या घेरात अडीच लिटर पाणी मावतं. तीन लिटर कोमट पाण्यात साधारण एक किलो शंभर ग्रॅम मीठ घाला आणि ढवळत राहा. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे, तेव्हा पाणी पुरतं खारं झालं असं समजा. पाणी उकळून उपयोग नाही, गरम पाण्यात मीठ लवकर विरघळतं पण फारसं जास्त मावत नाही. गार झालं की वरचं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळा, नाहीतर मिठाचा एक कण सुईत अडकतो आणि तास जातो.

मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणा, पातळ प्लास्टिक नळीनं तिला चेंडूची सुई जोडा, सांध्यावर बारीक तार आवळा. आधी चेंडू गुडघ्याखाली दाबून हवा काढा, उरलेली सिरिंजनं ओढून घ्या. सुई आत घालताना ग्लिसरीनचा थेंब लावा, कोरडी सुई घातली तर व्हॉल्व्ह फाटतो. मग भरत जा. पन्नासेक सिरिंज लागतात, दोन माणसं बसवा. निम्मा भरला की आणि पुन्हा शेवटी, व्हॉल्व्ह वर धरून सुई घालून चेंडू दाबा. फुसफुस करत हवा येईल, ती पूर्ण थांबून पाणी येईपर्यंत दाबत राहा. हवा राहिली तर चेंडू हळू बुडतो, आणि खोलीवर ती हवा आकसून चेंडू मऊ पडतो, एका हातात चिमटून पळवता येतो. भरलेला चेंडू बाहेर तीन किलोच्या आसपास भरतो, पाण्यात मात्र त्याचा भार अर्ध्या किलोच्या आतबाहेर लागतो. चार मीटर खोल पाण्यात वरून सोडून घड्याळ लावा. साडेतीन ते चार सेकंदांत तळाला टेकला तर बरोबर. पाच-सहा लागले तर हवा आहे किंवा मीठ कमी आहे. वाळू किंवा छर्रे भरून वजन वाढवू नका, चेंडू एका अंगाला कलतो आणि फरशीही फोडतो. काम झालं की सुई आणि सिरिंज साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर पुढच्या वेळी सुई गंजलेली असेल. असे दोन चेंडू करा, एक ऐनवेळी गळतोच.

गोलची भांडी हिंगणा एमआयडीसीतला कुठलाही बरा फॅब्रिकेटर करून देईल. तोंडाचा आतला व्यास 40 सेंटिमीटर, उंची 45. 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील सांगा. साध्या लोखंडाचा गंज फरशीवर उतरला की तुमचा स्लॉट त्याच आठवड्यात रद्द होईल. भांडं बंद बादलीसारखं नको, चेंडू आत जाताना आतलं पाणी बाहेर पडायला भोकं लागतात. पण भोकं आठ मिलीमीटरपेक्षा लहान, बोट अडकता कामा नये. वेल्डिंगच्या गाठी ग्राइंड करून घ्या आणि स्वतः पंजा फिरवून बघा, कारण गोलकीपरची उघडी पाठ त्यावर घासणार आहे. तोंडाच्या कडेला बागेचा जाड पाइप उभा चिरून बसवा आणि नायलॉनच्या दोरीनं गुंडाळा. बूड रुंद ठेवा, वजन पंचवीस-तीस किलो करा, खाली रबराची दहा मिलीची चटई चिकटवा. टँकचा मॅनेजर फरशी फुटण्याची भीती घालेल, ती खोटी नाही. दोन बाजूंना दोन दोर बांधून भांडं सावकाश उतरवा आणि पहिल्या दिवशी त्याला शेजारी उभा करून हे दाखवा.

बाकी सामान: कानांवर वाट्या असलेल्या वॉटरपोलो कॅप, गडद आणि पांढऱ्या अशा दोन संचांत. मऊ, साधा स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी). पूर्ण पाय आत जाणारे, बक्कल नसलेले मध्यम लांबीचे फिन. फ्रीडायव्हिंगचे (एका दमात खोल डुबकी मारण्याचे) लांब फिन इथे वळताना आडवे येतात. नखं कापलेली असावीत, अंगठी-कडं-गळ्यातलं सगळं काढून.

नऊ-दहा जण पुरतात का? सरावाला हो. मॅचला एका बाजूचे सहा पाण्यात आणि सहा बदली खेळाडू असतात, ते पुढचं पुढे. खेळात गोलकीपर, बॅक (बचाव करणारा) आणि फॉरवर्ड अशा तीन जागा आणि प्रत्येक जागेवर दोघं. एक खाली, एक वर श्वास घेतोय. त्यामुळे सुरुवात जोड्यांनी करा. जोडीदार वर आला की लगेच दुसरा खाली, 15-20 सेकंदांच्या डुबक्या. ज्याचा दम मोठा तो चांगला खेळाडू, हा गैरसमज काढून टाका. जो वेळेवर वर येतो आणि वेळेवर परत जातो तो चांगला. कबड्डीतले गडी बोलवायचा मोह होईल, पकड त्यांची पक्की असते. पण आधी पोहणारा घ्या, धरायला नंतर शिकवा. धरायचं ते फक्त ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला आणि त्यानं धरायचं ते त्याच्यावर येणाऱ्याला. मास्क, फिन, गळा यांना हात नाही.

दम वाढवण्याच्या स्पर्धा क्लबमध्ये अजिबात लावू नका. पोहण्याच्या टँकवर पोरांना «जोरजोरात श्वास घे आणि बघू किती लांब जातोस» असं शिकवणारे आहेत, आणि ते शिकवणं जीव घेतं. भराभर श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना त्याच्याकडून येते. ती सूचना उशिरा येते, तोवर ऑक्सिजन संपतो, आणि वर येताना दाब कमी झाल्यामुळे शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये माणूस शुद्ध हरपतो. आवाज नाही, धडपड नाही. म्हणून डुबकीआधी दोन शांत श्वास, बस. काठावर एक जण कायम कोरडा, फोन बाजूला ठेवून डोकी मोजणारा. त्याला आणि आणखी एकाला बुडालेल्याला तोंडानं श्वास देण्यासकट सीपीआर येत असला पाहिजे. हे जमेपर्यंत भांडी पाण्यात उतरवू नका.

रजिस्ट्रेशनची घाई नको. धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, ते तुमच्याकडे आहेतच. पण लेटरहेड आधी आणि चेंडू नंतर असं झालं की पहिलं वर्ष अध्यक्ष कोण यात जातं. टँकवाले लेखी मागतील तेव्हा करा. नव्या देशात हा खेळ रुजत नाही असंही कुणी म्हणेल. पहिली जागतिक स्पर्धा 1980 साली जर्मनीत म्युलहाइमला झाली आणि 2015 ची कोलंबियात, कॅली शहरात. जर्मनीत जन्मलेला खेळ तिकडे रुजला.

उथळ टँक अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगतो. स्नॉर्कलमधलं पाणी फुंकून काढणं, मास्क पाण्याखाली रिकामा करणं, फिन घालून उलटं वळणं, हे पहिले दोन-तीन आठवडे, खोल पाण्यातल्या सरावाबरोबरच, तिथे शिकवा. पण चेंडू आणि भांडं तिथे नेऊ नका. कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय कुणाला घेऊ नका. आणि शाळकरी पोरांना आत्ताच नको, मोठ्यांच्या दोन जोड्या पक्क्या झाल्यावर बघा.

कोच सरांना एकदा खोल टँकवर घेऊन या. मास्क-फिन द्या, दोर धरून सावकाश उतरवा, कान मोकळे करायला लावा, आणि तळावरचा चेंडू उचलून वर आणायला सांगा. मग छातीभर पाण्यातला दुसरा चेंडू उचलायला सांगा. सहा महिने कुठे घालवायचे हे त्यानंतर त्यांनाच ठरवू द्या.