भाची नऊ दिवस बेपत्ता, पोलीस म्हणतात ‘येईल परत’

कोपरखैरण्याच्या एका मामांनी विचारलंय: १६ वर्षांची भाची क्लासला गेली ती आलीच नाही, त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो तर ‘मैत्रिणीकडे असेल, दोन दिवस बघा’ म्हणाले, मग नुसती मिसिंगची नोंद केली, आज नऊ दिवस झाले, नाक्यावरच्या मेडिकलवाला सांगतो की ती रिक्षात बसताना कॅमेऱ्यात दिसतेय पण फुटेज घ्यायला कोणी फिरकलं नाही, सेक्टरमधली माणसं भडकलीत, मोर्चा काढू का, साहेबांवर केस टाकता येईल का?

दादा, मोर्चाचं नंतर बोलू, आधी त्या मेडिकलवर जा. दुकानातल्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमध्ये, बऱ्याचदा पंधरा-वीस दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, मग त्यावरच नवीन चढतं, आणि तुमचे नऊ गेलेत. दुकानदाराला हात जोडा, त्या संध्याकाळची क्लिप पेनड्राइव्हवर घ्या, आणि स्क्रीनवरची वेळ न् मोबाइलमधली वेळ यात फरक आहे का ते लिहून ठेवा, घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तरी उलटतपासणीत त्याचाच कीस पाडतात. मूळ डीव्हीआर पोलिसांनी जप्त करावा असं लेखी द्या.

आता मुलगी १८ च्या आतली आहे ना, मग नुसती मिसिंग चालतच नाही. सुप्रीम कोर्टाने १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर घ्यायचाच, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा. ‘दोन दिवस बघा’ असा नियम कुठल्याही कायद्यात नाही, आणि त्या दोन दिवसांत रिक्षा कुठे गेली हे समजलं असतं याचा मला फार संताप येतो. कोणी फूस लावून नेलं असेल तर ती राजीखुशीने गेली या म्हणण्याला काही किंमत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागतंच.

उद्या सकाळी लेखी तक्रार द्या, आवकचा शिक्का मारून घ्या. नाही घेतली तर तीच तक्रार बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) रजिस्टर पोस्टाने, आणि तिथेही हललं नाही तर अ‍ॅफिडेव्हिट जोडून कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. त्याच वेळी हायकोर्टात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलीला शोधून कोर्टासमोर हजर करा अशा याचिकेची तयारी ठेवा, अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मी तरी थांबत नाही.

साहेबांचं म्हणाल तर चौकशी मागता येते, पण पुरावा आत्ताच धरा. पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेतच असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, तेव्हा तुम्ही गेलात त्या रात्रीचं ठाण्यातलं फुटेज जपून ठेवा असं पत्र आजच द्या.

मोर्चा काढा, तुमचा हक्क आहे, पण आधी लेखी कळवा आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ ची जमावबंदी लागू आहे का बघा. बदलापूरला २० ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या चिमुकल्यांवरच्या अत्याचारावरून लोकांचा राग शंभर टक्के खरा होता, तरी रेल रोकोनंतर आंदोलकांवरच गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि तुम्हाला तर आत्ता धावपळीला माणसं लागणार आहेत.

ठाण्यात जाताना ताईंना सोबत न्या, सही आईची असू दे, आणि भाचीचा जन्मदाखला पिशवीत ठेवा, कारण वयावरूनच पहिल्यांदा अडवतात. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती हातात पडल्याशिवाय उठू नका.